माकडताप : रानातला दंश, घरातला ज्वर

काजूचा हंगाम आला की बेळगाव भागातील अनेक श्रमजीवी मजुरीसाठी गोव्याच्या बागांत उतरतात. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची साथ उद्भवली, आणि २०१६ साली तेथील बागांत राबून परतलेल्या बेळगावकडील मजुरांतही हा ताप आढळून आला. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही त्याने डोके वर काढले. दंश एका प्रांतात आणि ज्वर दुसऱ्या प्रांतात, अशी ही गत असल्याने सीमाभागातील कुटुंबांनी या रोगाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली व पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. त्यावरून या रोगाचा शोध लागला. रोगाचे मूळ एक विषाणू असून तो गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोचिडीची पिल्ले डिसेंबर ते मे या काळात पालापाचोळ्यात विपुल असतात. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी भोवताली पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास तत्काळ कळवावे. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

दंशानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकाएकी हुडहुडी भरून तीव्र ताप येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांत ताप उतरून बरे वाटते, आणि पुन्हा ताप येऊन कंप व भ्रम होतो. म्हणून ताप गेला, रोग गेला, असे मानू नये. शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात.

या विषाणूवर रामबाण औषध नाही. शरीरातील पाणी टिकविणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे व वेळीच रुग्णालयात दाखल होणे हाच उपचार होय. अ‍ॅस्पिरीनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवितात. त्या मनाने घेऊ नयेत. उलट, गोचिडीमुळेच होणारा दुसरा एक ताप, ज्यात तळहात-तळपायांवरही पुरळ उठते, तो डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. दोहोंतील भेद डॉक्टरच करू शकतात. पण रुग्ण रानात वा बागेत गेला होता, हे घरच्यांनी न विसरता सांगितले तरच. माकडतापाचा विषाणू रक्तात पहिल्या आठवड्यातच उत्तम सापडतो, म्हणून दिरंगाई नको.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोवावा, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगास लावावे. परतल्यावर कढत पाण्याने स्नान करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी व जागा साबणाने धुवावी. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे सर्वथा टाळावे.

१९९०पासून दिली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने बंद झाली आहे. तूर्त सावधगिरी हीच आपली लस.