दुखणे गेले, भीती राहिली. सोबतीला रंग आणि शेळी

वाचकहो, कर्करोगाच्या दवाखान्यातून माणूस बरा होऊन घरी आला की गाव काय म्हणतो? ‘सुटला बुवा एकदाचा.’ देवापुढे नारळ फुटतो, नवस फेडला जातो, चार दिवस पाहुण्यारावळ्यांची ये-जा होते. मग ज्याची त्याला कामे लागतात. पेरणी कुणासाठी थांबत नाही, ऊसतोडीची टोळीही थांबत नाही. घरात उरते ते बरे झालेले माणूस. त्याचा पुढचा दिवस कसा सरतो, हे मात्र आपण कधी विचारत नाही. आज तेच विचारू या.

परांडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही गेलो होतो. मावशींचे वय पन्नाशीच्या पुढे. स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झाले, किमोची सहा सलाईने झाली, शेक झाले. उपचार संपून साडेतीन वर्षे झाली. मावशींनी सगळे मोकळेपणाने सांगितले, पण आधी हात जोडून एकच अट घातली. ‘दादा, नाव छापू नका, गावाचंबी नको. धाकटीचं लग्न व्हायचंय. लोक म्हणतील, यांच्या घरात रोग हाय.’ म्हणून नाव दिलेले नाही. ही अट का घालावी लागते, याचा विचार तुम्हीच करा.

हा रोग आपल्याला नवा नाही

आपल्या या पट्ट्याला कर्करोगाची ओळख जुनी आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल १९८२ पासून आहे. कर्करोगाच्या रुग्णांची गावोगाव फिरून नोंद ठेवण्याचे काम बार्शीत १९८७ साली सुरू झाले. देशाच्या ग्रामीण भागातली ती पहिलीच नोंदणी. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना घेऊन गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. ज्या गटात विषाणूची एकच तपासणी झाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे त्यात दिसले.

सांगायचे इतकेच की वेळेत सापडला तर या रोगातून माणसे वाचतात, आणि आपल्या गावांतही अशी वाचलेली माणसे आहेत. त्यांना वाचवायचे कसे, हे दवाखान्याने सांगितले. पण वाचल्यावर त्यांनी जगायचे कसे, ते घराने आणि गावाने बघायचे असते.

रिकामी दावण

मावशींच्या दुखण्यात घरची बैलजोडी विकली गेली. औषधांचा खर्च योजनेत बसला तरी जाणे-येणे, खाणे-पिणे आणि बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते? मालकांनी बैल बाजारात नेले त्या दिवशी मावशी घरातच होत्या. ‘म्या बाहीरच आले न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘घुंगराचा आवाज वेशीपातूर ऐकत बसले.’

उपचार संपले आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. डावा हात सुजायचा. शेतात जायचे नाही, घागर उचलायची नाही, गोठ्यात वाकायचे नाही. घरच्यांनी मायेपोटी सगळी कामे काढून घेतली. सुनेने चुलीपाशी येऊ दिले नाही. शेजारणी हळदी-कुंकवाला बोलवायच्या, पण त्यांच्या हातचा चहा टाळायच्या. रात्री कुठे जरा ठणकले की पोटात गोळा यायचा, ‘परत आला की काय?’ तपासणीची तारीख जवळ आली की आठ-आठ दिवस झोप नसायची.

‘दवाखान्यात होते तवा लई बरं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तिथं सगळी माझ्यासारखीच. आन् आज काय करायचं ते डॉक्टर सांगायचे. घरी आले तर दिस निघायचा, पर सरायचा न्हाई.’

वाचकहो, हे वाक्य नीट ऐका. ज्या बाईने तीस वर्षे पहाटे पाचला उठून धारा काढल्या, तिच्या हातातले सगळेच काम काढून घेतले, तर तिच्याकडे भीतीशिवाय उरते काय?

भिंतीवरची जोडी

त्या वर्षी पोळा आला. ज्यांच्या दावणीला जोडी, त्यांच्याकडे खांदेमळणीची धांदल. बेगड, झुली, गोंडे. मावशींचे अंगण मोकळे. त्यांनी सुनेकडून गेरू कालवून घेतला, वाटीत चुना घेतला, त्यात थोडी नीळ टाकली, तव्याची काजळी खरडली. काडीला चिंधी गुंडाळली आणि ओट्यावरच्या भिंतीवर उजव्या हाताने बैल काढायला बसल्या. लहानपणी पंचमीला भिंतीवर नाग काढायच्या, दारात रांगोळी घालायच्या, तेवढीच काय ती शिकवणी. एक बैल सकाळी झाला, दुसरा दुपारपर्यंत. शिंगे जरा लांब झाली, वशिंड जरा मोठे. पण ती त्यांचीच जोडी होती. डाव्या बैलाच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा जागेवर होता. संध्याकाळी मालकांनी त्या भिंतीवरच्या जोडीला हळद-कुंकू लावले, पुरणपोळी दाखवली.

‘त्या दिशी म्या दुखण्याचा इचारच केला न्हाई,’ मावशी म्हणाल्या. ‘रंग वाळायच्या आत दुसरी रेघ ओढायची असती. मन तिथंच गुततं.’

पुढच्या वर्षी शेजाऱ्याने आपली जोडी रंगवायला त्यांच्या अंगणात आणून बांधली. आता शाळेच्या गुरुजींनी नातवाकडून जुनी रंगपेटी आणि कागद पाठवले आहेत. दुपारी दोन ते चार ओट्यावर चित्रे चालतात, आणि आळीतली चार पोरे मांडी घालून बसलेली असतात. चहा टाळणाऱ्या शेजारणीही आता उखाळ्यापाखाळ्या काढत तिथेच टेकतात, आणि चहा पितात.

असे घडते ते आपल्याकडेच असेही नाही. फ्रान्समध्ये आंरी मातीस नावाचा जगप्रसिद्ध चित्रकार होता. १९४१ साली, सत्तरी ओलांडलेली असताना, पोटातल्या कर्करोगासाठी त्याच्यावर मोठे ऑपरेशन झाले. त्यानंतर उभे राहून चित्र काढणे अवघड झाले. तेव्हा त्याने खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत बसून रंगवलेले कागद कात्रीने कापायला घेतले. पाने, पक्षी, माणसे असे आकार कापायचे आणि भिंतीवर लावून घ्यायचे. घरात मांजरे होती, पारवे होते. १९५४ साली तो गेला, म्हणजे ऑपरेशननंतर तेरा वर्षे. त्याची कात्रीची ही चित्रे आज त्याच्या उत्तम कामात गणली जातात. कुठे तो फ्रान्सचा चित्रकार आणि कुठे आपल्या मावशी! पण हात अडले तेव्हा दोघांनीही जमेल त्या साधनाने काम चालू ठेवले.

काळी पाट

मावशींचा दुसरा आधार चार पायांचा आहे. आपल्या उस्मानाबादी जातीची, काळीभोर, लांब कानांची शेळी. भावकीतल्या एकाची शेळी जुळी देऊन मेली. एक करडू गेले, एक पाट उरली. ‘जगायची न्हाई’ म्हणून तो ती टाकून देणार होता. मावशींनी पदरात घेतली. बाटलीने दूध पाजायचे, तेही दिवसातून चार वेळा, कोमट करून. बाटली रोज उकळायची. रात्री पोत्यात गुंडाळून उबेला ठेवायची.

‘रात्री ठणकायला लागलं तरी तिला पाजायला उठावंच लागायचं,’ मावशी हसत म्हणाल्या. ‘मग ठणका इसरायचा.’

त्या पाटीची आता शेळी झाली, दोनदा व्याली. मधे पैशाची नड आली तेव्हा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. मालकांनी मावशींच्या तोंडाकडे पाहिले आणि व्यापाऱ्याला परत पाठवले. नड कशी भागवली? बोकड विकून. हिशेबाच्या दृष्टीनेही ते वाईट झाले नाही.

गडीमाणसांनीही इथे लक्ष द्यावे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होऊन जबड्याचे ऑपरेशन झालेले एक गृहस्थ आम्हाला ठाऊक आहेत. त्यांचे बोलणे लोकांना कळत नाही, म्हणून त्यांनी पारावर बसणे सोडले. आता कुत्रा घेऊन दोन वेळा बांधावर चक्कर मारतात. ‘त्याला माझं सगळं कळतं,’ असे त्यांनी पाटीवर लिहून दाखवले.

हेही सांभाळा

चित्राने गाठ विरघळत नाही आणि शेळीने रोग बरा होत नाही, हे पक्के ध्यानात असू द्या. ठरलेल्या तारखेची तपासणी आणि चालू असलेली गोळी कशासाठीही चुकवायची नाही. जनावरांच्या बाबतीत काही पथ्ये आहेत, ती अशी:

१. किमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतूंची बाधा लवकर होते. त्या काळात शेण-लेंड्या काढणे, गोठा झाडणे दुसऱ्याने करावे. मावशींनी पाट घेतली ती उपचार संपल्यावर. किमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी गोळी खाऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपा. कासरा त्या हाताला गुंडाळू नका, ओढाळ जनावर त्या हाताने धरू नका. काम करताना रबरी मोजे घाला. ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा.

३. धारोष्ण दूध पिऊ नका, उकळूनच प्या. शेळी किंवा गाय गाभडली तर वार आणि गर्भ उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेलोसिस नावाचा रोग यातून माणसाला लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

४. शेळ्यांना पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, वेळेवर जंताचे औषध आणि कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्या. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यायला जा.

५. रंगांतही जपा. ऑइलपेंट आणि थिनरचा वास बंद खोलीत नको. मुळचा हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज आहे, तो हाताने कालवू नका. ओला चुना कातडी भाजतो. गेरू, काजळी आणि शाळेचे पाण्याचे रंग बरे.

कारभारी मंडळींना

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई आणि गुरुजी, आता चार शब्द तुमच्यासाठी. कर्करोग शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगा. घरोघर सांगत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. उपचार संपलेल्या माणसाच्या घरी आशाताईंनी महिन्यातून एकदा डोकवावे, पुढची तपासणी कधी आहे ते विचारावे, सोबतीला कुणी नसेल तर बघावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. हे ठाऊक नसलेली घरे अजून आहेत. आणि शाळेची, अंगणवाडीची भिंत रंगवायची असेल तर तालुक्याहून पेंटर बोलावण्याआधी गावातल्या अशा हातांना विचारून बघा. मजुरी मात्र रीतसर द्या. उपकार म्हणून नको.

घरच्यांना एवढेच सांगणे: मायेपोटी सगळे काम काढून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, ‘यांना काय काय करता येईल?’ जे करता येईल ते त्यांच्या हाती राहू द्या. करडाला पाजणे असो, कोंबड्यांना दाणे टाकणे असो, की दारातली रांगोळी असो.

निघताना मावशींनी आम्हाला घराची मागची भिंत दाखवली. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर काजळीने काढलेल्या काळ्या शेळ्यांची एक रांग आहे. दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला जातात. ‘सगळं ठीक आहे’ असे डॉक्टर म्हणाले की घरी येऊन एक शेळी काढतात. आम्ही मोजल्या, सात होत्या. आठव्या शेळीपुरती जागा पुन्हा सारवून ठेवली आहे.

‘भ्या वाटतं का?’ आम्ही विचारले.

‘वाटतं की,’ त्या म्हणाल्या. ‘पर आधी हिला पाणी दावते, मग इचार करते.’ आणि बादली घेऊन त्या गोठ्याकडे गेल्या. उजव्या हातात घेऊन.