‘व्ही. डी.’ : वीस वर्षे कुणाची मोजली?

ठाणे-कल्याणच्या रेल्वेचा इतिहास अभ्यासणाऱ्याला इंग्रजी अमदानीतील काही अधिकाऱ्यांच्या नावापुढे ‘व्ही. डी.’ ही अक्षरे भेटतात. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. व्हॉलंटिअर ऑफिसर्स डेकोरेशन हे ते मानचिन्ह. राणी व्हिक्टोरियाने ते २५ जुलै १८९२ रोजी सुरू केले आणि १८९४ साली हिंदुस्थान व इतर वसाहतींना लागू केले. ओकच्या पानांचे लंबगोल रुपेरी कडे, मध्ये सोनेरी राजमुद्राक्षरे व मुकुट, वर हिरवी फीत. लढाईतील पराक्रमाची अट नव्हती. स्वयंसेवक पलटणीत अधिकारी म्हणून वीस वर्षांची सेवा, ही मूळ अट होती.

या पलटणी म्हणजे पगारी फौज नव्हे. आपापली नोकरी सांभाळून कवायत करणाऱ्यांची ती राखीव शक्ती. जी. आय. पी. रेल्वेची अशी पलटण १८७५ साली उभी राहिली. तिच्यात भरणा युरोपियन व अँग्लो-इंडियन नोकरांचा होता. रूळ टाकणारा, खडी फोडणारा आमचा माणूस त्याच रेल्वेचा नोकर. पण बंदूक त्याच्या हाती द्यायची नव्हती. हिंदी लोकांना स्वयंसेवक म्हणून घ्यावे, हा ठराव राष्ट्रीय सभेने १८८६ साली केला. सरकारने तो मनावर घेतला नाही.

आता तारखांकडे पाहावे. गोऱ्या स्वयंसेवकाची वर्षे मोजायला ज्या सुमारास आरंभ झाला, त्याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, महारांची लष्करभरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांचेच वारस ‘लढाऊ जाती’च्या यादीबाहेर गेले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. या अर्जांत मानचिन्हाची मागणी नव्हती, सेवेत प्रवेशाची होती.

१९२० च्या कायद्यांनी ही विभागणी पक्की केली : ऑक्झिलरी फोर्स युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी, टेरिटोरियल फोर्स हिंदी लोकांसाठी. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, महायुद्धाची निकड भासल्यावर.

दीर्घ सेवेचा गौरव वरवर निःपक्षपाती दिसतो, कारण तो फक्त वर्षे मोजतो. परंतु दाराबाहेर ठेवलेल्या माणसाची वर्षे मोजलीच जात नाहीत. आजही ज्येष्ठता आणि गुणवत्ता यांचे दाखले आपल्यापुढे टाकले जातात, तेव्हा कार्यकर्त्यांनी आधी विचारावे : दार कधी उघडले, आणि कुणासाठी?