खानदेशच्या आभाळातले शिकाऊ वैमानिक

जळगाव जिल्ह्यात बोदवड तालुक्यातलं नाडगाव हे प्रतिभाताई पाटील यांचं जन्मगाव. राष्ट्रपती असताना 2012 मध्ये त्यांनीच जळगाव विमानतळाचं उद्घाटन केलं. कुसुंब्याजवळच्या जुन्या धावपट्टीचा तो नवा अवतार होता.

प्रवासी विमानं मात्र रुसतफुगतच आली. डिसेंबर 2017 मध्ये छोटी शहरं विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतून मुंबईची सेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. 2024 मध्ये गोवा, हैदराबाद आणि पुण्यासाठी विमानं उडू लागली. धावपट्टी साधारण 1,700 मीटरची, त्यामुळे इथे पंख्यांची छोटी विमानंच सोयीची.

खानदेशच्या आभाळात खरी वर्दळ असते ती शिकाऊ वैमानिकांची. व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तास उड्डाण करावं लागतं. उड्डाण, वळण, उतरणं, पुन्हा उड्डाण, असा सराव चालतो. आधी सोबत प्रशिक्षक असतो, मग विद्यार्थी एकटाच झेपावतो. त्यासाठी मोकळं आकाश लागतं आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ते कुठून मिळणार? धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या तांडे इथे म्हणूनच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

यात जोखीमही आहे. जुलै 2021 मध्ये शिरपूरच्या संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली.

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. 1928 मध्ये स्थापन झालेल्या याच क्लबात जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले आणि 1929 मध्ये भारतात वैमानिक परवाना मिळवणारे पहिले ठरले.