नव्या हृदयाचे पथ्य

केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ज्या गृहस्थाच्या छातीत परक्याचे हृदय बसविले, तो अठराव्या दिवशी दगावला तो न्यूमोनियाने. आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तो रोगी तर काही तासांतच गेला. टाके घालण्याची विद्या मनुष्याने लवकर हस्तगत केली. देहाने नामंजूर केलेले हृदय त्याच देहात नांदविण्याची विद्या मात्र १९८०नंतर प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले तेव्हा कोठे वळणावर आली.

खरी मेख अशी की, देहाच्या प्रतिकारशक्तीला दाबावे तर जंतू मोकाट सुटतात, आणि तिला सैल सोडावे तर ती नव्या हृदयावरच चाल करते. त्यातून हे हृदय मज्जातंतू तोडून आणलेले असल्यामुळे त्याच्या रक्तवाहिन्या कालांतराने अरुंद झाल्या तरी छातीत कळ बहुधा येत नाही. म्हणूनच रोगी ठणठणीत दिसत असतानाही मानेच्या शिरेतून बारीक चिमटा आत घालून हृदयाच्या स्नायूचे कण तपासणीस काढतात, आणि पहिल्या वर्षी तर वारंवार. ज्वर, धाप, पायांवरची सूज यांपैकी काहीही दिसले, की पुन्हा रुग्णालयाचा मुक्काम अटळ.

आता असा रोगी मुंबईहून जळगावास किंवा धुळ्यास परतला, तर त्याने काय सांभाळावे? केळीच्या बागेतील कुजका पाला उपसू नये, कारण त्यातील बुरशी फुप्फुसात घर करते. वैशाखातल्या उन्हाने अंगातले पाणी आटले, की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाने आधीच शिणलेले मूत्रपिंड चटकन बिघडते. त्यावर अंगदुखीची गोळी स्वतःच मेडिकलमधून आणून घेणे म्हणजे दुखण्यास आवतण. टॅक्रोलिमस रक्तातले पोटॅशियमही वाढविते, आणि केळे तर पोटॅशियमने भरलेले! जळगावकरास केळे मोजून खा म्हणणे हा जुलूमच खरा, पण रक्ताचा अहवाल तसे सांगत असेल तर रावेर-यावलच्या केळीच्या घडासमोरही हात आखडावा लागतो.

क्षयाचे औषध हा याहून नाजूक मामला. रिफॅम्पिसिन सुरू होताच टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण कोसळते, आणि काही प्रतिजैविकांनी ते उलट भडकते. म्हणून गावच्या डॉक्टराने चिठ्ठीवर एक नवे औषध लिहिण्यापूर्वी मुंबईच्या प्रत्यारोपण-विभागास फोन लावावा, आणि रोग्यानेही तो लावून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.