इंग्रजी संबंधी वाक्यातील क्रियापदाचे वचन

उत्तनजवळच्या तारोडी गावाविषयी इंग्रजीत लिहिताना ‘तारोडी इज वन ऑफ द व्हिलेजेस दॅट लाय निअर द सी’ असे लिहावे, की ‘लाय’च्या जागी ‘लाइज’ योजावे? पदव्युत्तर वर्गातही ‘वन’ या शब्दाकडे पाहून एकवचन योजण्याकडे कल दिसतो. या प्रश्नाचा थोडा विचार करू.

घोटाळ्याचे मूळ असे की, ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ या संबंधी सर्वनामांना वचनाचे चिन्ह नाही. मराठीतील ‘जो’ लिंगवचनानुसार बदलतो. तेथेही ‘जी’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचन व नपुंसकलिंगी अनेकवचन असे दोन्ही असते; परंतु ‘आहे’ की ‘आहेत’ यावरून संदेह फिटतो. इंग्रजीत क्रियापदाने आपले वचन व पुरुष सर्वनामाच्या पूर्वपदापासून, म्हणजे ते ज्या नामाचा निर्देश करते त्या नामापासून, घ्यावयाचे असतात.

हे पूर्वपद ओळखण्याची सोपी कसोटी मराठीच्या जो-तो रचनेत आहे. ‘समुद्राजवळ जी गावे आहेत, त्यांपैकी तारोडी हे एक होय.’ येथे ‘जी’चा संबंध ‘गावे’ या पदाशी आहे, म्हणून ‘लाय’. याउलट ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू नोज मोडी’ याचा अर्थ ‘विद्यार्थ्यांपैकी जिला मोडी येते अशी ती एकटीच’ असा होतो, म्हणून ‘नोज’.

पुरुषाचेही तसेच. ‘मी आहे’ व ‘तो आहे’ यांत क्रियापदाचे रूप एकच असल्याने ‘आय, हू इज’ यातील चूक आपल्या कानास खटकत नाही. ‘मी, जो उद्या येईन’ यात कोणी ‘येईल’ म्हणणार नाही. त्याच न्यायाने ‘आय, हू ॲम’ हेच योग्य.

तथापि एक मर्यादा ध्यानी घ्यावी. फाउलर यांनी १९२६ च्या कोशात ‘वन ऑफ दोज हू’पुढील एकवचन दोषार्ह ठरविले, परंतु मेरियम-वेब्स्टरच्या १९८९ च्या प्रयोगकोशात मान्यवर लेखकांचे दोन्ही प्रयोग नोंदले आहेत. लेखकाच्या मनात समूहाऐवजी ती एक व्यक्तीच प्रधान असली, की एकवचन सहज उमटते. म्हणून प्रबंधलेखनात अनेकवचन योजणे श्रेयस्कर. परंतु परीक्षकाने गुण कापण्यापूर्वी लेखकास कोणते पूर्वपद अभिप्रेत होते, हे पाहणे न्यायाचे होईल.