पैठण : जिथे काशीचे गंगाजल गाढवाला मिळाले

छत्रपती संभाजीनगरहून बिडकीनमार्गे दक्षिणेकडे पन्नासेक किलोमीटर गेले की गोदावरीच्या काठावर पैठण लागते. सातवाहनांची ही राजधानी, जुने नाव प्रतिष्ठान. पर्यटक इथे येतात ते पैठणीचे माग, जायकवाडीचे धरण आणि ज्ञानेश्वर उद्यान पाहायला. वारकरी येतात ते संत एकनाथांच्या, म्हणजे नाथांच्या पायांशी. पण या गावाच्या नावाशी जोडलेल्या दोन मोठ्या कथांत मानाची जागा जनावरांना आहे. नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले, ही एक. एकनाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही दुसरी.

त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात आहे आणि तिथे भाविकांची रीघ असते. गाढवाच्या वाट्याला कथा तेवढी आली. म्हणून पैठण पाहताना या दुसऱ्या जनावराची आजची हालहवालही पाहायला हवी.

वाडा, समाधी आणि रांजण

पैठणात नाथांची दोन ठिकाणे आहेत. गावातले मंदिर म्हणजे नाथांचा राहता वाडा, तर गोदाकाठचे मंदिर म्हणजे समाधी. नाथांनी 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला आणि तीच तिथी नाथषष्ठी म्हणून पाळली जाते. वाड्यातला रांजण आवर्जून पाहावा. श्रीखंड्याच्या रूपात देव नाथांच्या घरी पाणी भरत होता, अशी श्रद्धा आहे. षष्ठीच्या काही दिवस आधी, तुकाराम बीजेपासून, भाविक या रांजणात गोदावरीचे पाणी ओतू लागतात. तो भरून वाहिला की देव आला, असे मानतात.

गाढवाची गोष्टही पाण्याचीच. काशीची गंगा कावडीने वाहून रामेश्वराला घालायची, ही त्या काळची मोठी यात्रा. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने लोळत होते. ती वाळू कुणी गोदावरीच्या पात्रातली सांगतात, कुणी रामेश्वराच्या वाटेवरची. बरोबरचे यात्रेकरू पुढे निघाले. नाथांनी कावड उतरवली आणि महिनोन्‌महिने जपलेले पाणी गाढवाला पाजले. रामेश्वर इथेच पावला, अशी त्यांची भावना होती. नाथ त्या गाढवाला घरी घेऊन गेले, असे कथा सांगत नाही. त्याला हवे ते, हवे तेव्हा आणि ते पडले होते तिथेच मिळाले, एवढेच ती सांगते. आज जगभरातल्या गाढवांसाठीच्या संस्था ज्या पद्धतीवर भर देतात, तीही हीच आहे.

षष्ठीच्या आदल्या दिवशी मढी

पैठणहून शेवगावमार्गे पाथर्डी तालुक्यात उतरले की गर्भगिरीच्या डोंगरावर मढी आहे. कानिफनाथांचे हे स्थान भटक्यांची पंढरी म्हणून ओळखले जाते. इथली यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. तिचा मोठा दिवस रंगपंचमी, म्हणजे नाथषष्ठीच्या अगदी आदला. यात्रेच्या अखेरीस पैठणहून गोदावरीच्या पाण्याच्या कावडी मढीला जातात. याच यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. पौष पौर्णिमेचा जेजुरीचा बाजारही तितकाच नावाजलेला.

वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट अशा समाजांची माणसे इथे वर्षभराच्या कामाचे जनावर निवडतात. गाढवाचे तोंड उघडून दात पाहिले जातात आणि अखंड, दुवान, चौवान, कोरा अशा शब्दांत वय ठरते. गावरान गाढवापेक्षा उंच, दणकट काठेवाडी गाढवाला भाव जास्त मिळतो. मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, वीटभट्टीवरची उचल असे सगळे हिशेब या व्यवहाराशी बांधलेले असतात. गाढवाचे हाल मालकाच्या हलाखीपासून वेगळे काढता येत नाहीत, हे या बाजारात उभे राहिले की कळते.

गोदाकाठचा कष्टकरी

गोदाकाठच्या पट्ट्यात गाढव विटा, माती आणि वाळू वाहते. नदीच्या पात्रात ट्रॅक्टर उतरत नाही तिथे गाढव उतरते. म्हणून वाळूच्या चोरट्या धंद्यातही त्याला जुंपले जाते. छापा पडला की माणसे पळतात आणि पाठीवर गोणी घेतलेले गाढव तेवढे सापडते.

कायदा गाढवाला विसरलेला नाही. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली 1965 साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांनुसार गाढवाच्या पाठीवर 50 किलोंपेक्षा जास्त ओझे घालता येत नाही. म्हणजे सिमेंटची एक गोणी, किंवा तीन किलोंची वीट धरली तर सोळा विटा. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा 37 अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवायला हवे. मराठवाड्याचा उन्हाळा पाहता, भट्ट्यांच्या ऐन हंगामातले कितीतरी दिवस या नियमात बसतात. भट्टीवर मात्र मजुरी खेपांवर मिळते, घड्याळावर नाही.

गाढवांची संख्याही झपाट्याने घटते आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 3 लाख 20 हजार गाढवे होती, 2019 मध्ये ती सुमारे 1 लाख 20 हजारांवर आली. महाराष्ट्रातली घट जवळपास 40 टक्के आहे. यंत्रे आली, कुरणे गेली, नवी पिढी या धंद्यातून बाहेर पडली, ही कारणे आहेतच. त्यांत चोरीची भर पडली. आंध्र प्रदेशात बेकायदा मांसासाठी परराज्यांतून गाढवे नेली जातात. चीनमध्ये गाढवाच्या कातडीपासून ‘इजियाओ’ नावाचे औषधी जिलेटिन बनवतात आणि त्याच्या मागणीने जगभरातले कळप रोडावले. आफ्रिकी महासंघाने फेब्रुवारी 2024 मध्ये कातडीसाठी गाढवे मारण्यावर खंडभर बंदी घातली, ती याच कारणाने.

दानाचा रुपया कुठे जातो

गाढवांसाठी काम करणाऱ्या संस्था चालतात त्या प्रामुख्याने देणगीदारांच्या बळावर. डोरोथी ब्रुक यांनी 1934 साली कैरोत युद्धातून उरलेल्या घोड्यांसाठी दवाखाना काढला. त्यातून वाढलेली ‘ब्रुक’ संस्था आज भारतातही घोडे, खेचरे आणि गाढवांसाठी काम करते. एलिझाबेथ स्वेंडसन यांनी 1969 साली इंग्लंडमध्ये ‘द डाँकी सँक्च्युअरी’ स्थापन केली. तिथे एखाद्या गाढवाच्या नावे पैसे पाठवून त्याचे पालकत्व घेता येते. आपल्याकडे ‘ॲनिमल राहत’ ही संस्था 2003 पासून सोलापुरातून काम करते आहे आणि पुढे सांगली, साताऱ्याकडे तिचा विस्तार झाला. कामाच्या बैलांवर, गाढवांवर, घोड्यांवर मोफत उपचार करणे, वीटभट्टीवाल्यांना यंत्राकडे वळवणे आणि थकलेल्या जनावरांना उरलेले आयुष्य विसाव्यात काढू देणे, असे तिचे काम आहे.

देणगीचा पैसा म्हणजे दर वेळी नवा गोठा असे नाही. निवारा लागतो तो मोजक्या गाढवांना : मोडलेल्या पायाची, आंधळी, बेवारस सोडलेली. बाकीची भट्टीवर आणि घाटावरच राहणार. त्यांच्यासाठी पैसा फिरत्या पथकावर खर्च होतो. पाठीवरच्या आणि पायबंदाच्या जखमा धुणे, धनुर्वाताची लस, जंताचे औषध, वाढलेले खूर कापणे ही त्यातली रोजची कामे. पालाणाखाली जाड मऊ गादी घातली तर पाठ सोलवटत नाही, हे मालकाला दाखवून द्यावे लागते. नाकपुड्या चिरणे, दुखऱ्या जागी डाग देणे या जुन्या समजुती सोडवायलाही वेळ द्यावा लागतो. असे एक पथक कितीतरी गाढवांपर्यंत पोहोचते.

गाढव वेदना लपवते. घोडा बिथरतो, पाय आपटतो, पण गाढव मुकाट उभे राहते. त्यामुळे ते आडवे पडेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. गाढवांची जोडीही घट्ट असते. सोबती गेला की दुसरे खाणे सोडते आणि तसे काही दिवस गेले तर रक्तात चरबी उतरून दगावूही शकते. म्हणून जाणत्या संस्था सुटका करताना जोडी फोडत नाहीत. नीट सांभाळलेले गाढव पंचवीस-तीस वर्षे जगते. म्हणजे एका गाढवाला आसरा देणे हे दोन-अडीच दशकांचे काम असू शकते. एखाद्या सणाला दिलेल्या देणगीपेक्षा दर महिन्याची छोटी रक्कम संस्थेच्या जास्त उपयोगी पडते, ती यामुळेच.

पैठणला जाल तेव्हा

षष्ठीच्या तीन दिवसांत पैठणात पाय ठेवायला जागा नसते. निवांत पाहायचे तर थंडीत यावे. सकाळी नाथांचा वाडा, मग समाधी मंदिर आणि नागघाट, दुपारी पैठणीचे माग, संध्याकाळी जायकवाडीचा नाथसागर असा एक दिवस पुरतो.

गावात किंवा घाटावर गाढवे दिसली तर पुरणपोळी, गूळ, धान्य घालायचा मोह टाळावा. गोडाधोडाने आणि दाण्याने त्यांचे पोट बिघडते, खूरही दुखावतात. त्यांना कडबा, वाळला चारा आणि स्वच्छ पाणी पुरते. गढूळ पाण्याला गाढव सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे एका हौदाचा आणि तो घासायला येणाऱ्या माणसाचा खर्च उचलणे हेही उत्तम दान आहे. संस्थेला पैसे देण्याआधी तिची नोंदणी आणि हिशेब पाहावेत. तिथे पशुवैद्य येतो का, आणि संस्था मालकांशी बोलते की फक्त जनावरे उचलून नेते, हेही विचारावे.

वाटेत जखमी गाढव दिसले तर हाकलू नका. आधी त्याला सावली आणि पाणी द्या, मालक जवळपास असेल तर त्याला बोलवा आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन लावा.