‘प्लेका’ : एका रुमानियन क्रियापदाची व्युत्पत्ती

रुमानियन भाषेतील ‘प्लेका’ या क्रियापदाचा अर्थ ‘निघणे’ असा आहे, तर स्पॅनिशमधील ‘ल्येगार’चा अर्थ ‘पोहोचणे’ असा आहे. परस्परविरुद्ध अर्थांची ही दोन्ही रूपे लॅटिन ‘प्लिकारे’ (घडी घालणे, दुमडणे) या एकाच क्रियापदापासून आलेली आहेत.

ध्वनिदृष्ट्या हा संबंध निर्विवाद आहे. लॅटिन शब्दारंभीचा ‘प्ल’ रुमानियनमध्ये टिकतो, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘ल्य’ होतो. उदाहरणार्थ, ‘प्लेनुस’ (भरलेला) या शब्दापासून अनुक्रमे ‘प्लिन’ आणि ‘ल्येनो’. स्वरमध्यस्थ ‘क’ रुमानियनमध्ये कायम राहतो, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘ग’ होतो. ‘फोकुस’पासून ‘फोक’ व ‘फ्वेगो’ (अग्नी) ही रूपे याच नियमाची द्योतक होत.

अर्थपरिवर्तनाचा उलगडा मात्र इतका सोपा नाही. प्रचलित स्पष्टीकरणानुसार, डेशियातील रोमन सैनिक तंबूंची घडी घालून निघत, म्हणून ‘निघणे’. पश्चिमेकडील खलाशी किनारा गाठल्यावर शिडे गुंडाळीत, म्हणून ‘पोहोचणे’. मराठीतील ‘गाशा गुंडाळणे’ हा वाक्प्रचार पाहता अशी अर्थकल्पना असंभाव्य ठरत नाही. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. रोमन सैन्याने डेशिया इ. स. २७०च्या दशकात सोडला. उपलब्ध असलेला सर्वांत जुना कालनिर्दिष्ट रुमानियन लेख १५२१ मधील आहे. मधल्या साडेबारा शतकांत तंबूच्या अर्थाला आधार देणारा रुमानियन लेखी दाखला नाही.

याउलट, दुसऱ्या उपपत्तीला भाषेतच आधार सापडतो. आजच्या रुमानियनमध्येही ‘प्लेका’चा ‘वाकणे, झुकणे’ असा अर्थ जिवंत आहे. ‘प्लेकाचुने’ म्हणजे लवून केलेला नमस्कार. शिवाय इ. स. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहिलेल्या लॅटिन प्रवासवृत्तात हेच क्रियापद आत्मवाचक प्रयोगात ‘एखाद्या स्थळाकडे वळणे, त्याच्या जवळ जाणे’ या अर्थी येते. म्हणजे ‘दुमडणे – वाकणे – वळणे’ अशी साखळी मानता येते. वळण्याची क्रिया गंतव्याच्या बाजूने पाहिली की ‘पोहोचणे’ आणि प्रस्थानाच्या बाजूने पाहिली की ‘निघणे’ हे अर्थ संभवतात. मराठीत ‘वळणे’ हे क्रियापदही पीळ देणे आणि दिशा बदलणे हे दोन्ही अर्थ वाहते.

तंबूची कथा चित्रमय आहे. वळण्याची उपपत्ती तितकी आकर्षक नाही. तथापि, व्युत्पत्तीचा निर्णय कथेच्या रम्यतेवर नव्हे, तर मधल्या अर्थाच्या दाखल्यांवर अवलंबून असतो.